लग्नाचं रॉकेल

"सर, लग्नासाठी साठवून ठेवलेलं रॉकेल किती वर्षं टिकतं?"

ज्ञानेश्वरीने हा प्रश्न विचारला तेव्हा तिसगावच्या शाळेच्या पटांगणात अग्निशमन दलाचे साहेब पेटलेलं टायर विझवून दाखवून नुकतेच घाम पुसत होते. "कुणाला काही शंका?" असं त्यांनी विचारलं होतं ते विचारायची पद्धत म्हणून. आजवर कुठल्याच शाळेत त्यांना कुणी शंका विचारली नव्हती. पण इथे ज्ञानेश्वरी होती. महिन्यापूर्वी शेवगावला वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता आणि तेव्हापासून माईक दिसला की तिचा हात आपोआप वर जायचा.

प्रश्न खरं तर निकिता आणि फलकचा होता. आदल्या रविवारी दोघी विज्ञानाचं मॉडेल करायला ज्ञानेश्वरीच्या घरी, वाडीवर आल्या होत्या. पुठ्ठा शोधता शोधता मागच्या खोलीत पेंडीच्या पोत्यांआड त्यांना एक गंजका पत्र्याचा ड्रम दिसला. ड्रमला हळदकुंकवाची बोटं ओढलेली होती.

"हा कुठला देव गं?" फलकने विचारलं.

"देव नाही. माझ्या लग्नाचं रॉकेल आहे."

यावर दोघी इतक्या हसल्या की मॉडेल राहूनच गेलं. मग निकिता म्हणाली, "शाळेत तो आगवाला साहेब येणारे ना, त्याला विचारून दाखव. भाषणं करतीस ना मोठी? दम असेल तर विचार."

दम होताच. म्हणून ती उभी राहिली.

साहेबांनी प्रश्न ऐकून घेतला. रुमाल खिशात ठेवला. "कुणाचं लग्न आहे?"

"माझं," ज्ञानेश्वरीने माईकमध्ये सांगितलं. शेवगावला परीक्षकांनी सांगितलं होतं की उत्तर नेहमी थोडक्यात आणि ठाम द्यावं.

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं आणि त्याच्या पाठीत धपाटा बसल्याचा आवाज आला. साहेबांना रॉकेलचं तेवढं माहीत होतं, त्यामुळे त्यांनी त्याचंच उत्तर दिलं. "हे बघ बाळ, रॉकेल टिकतं, डबा टिकत नाही. तळाला पाणी साठतं, पत्रा गंजतो, गळायला लागतो. घरात ठेवायचं नाही. आणि काढून टाकायचं तर गटारीत ओतायचं नाही, विहिरीच्या आसपास मातीत ओतायचं नाही, चुलीत घालून पेटवायचं तर मुळीच नाही. मला फोन करा." त्यांनी नंबर सांगितला. ज्ञानेश्वरीने तो हातावर लिहून घेतला आणि विजयी चेहऱ्याने खाली बसली. निकिता आणि फलक तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या वर्गशिक्षिका सरवरी मॅडमकडे बघत होत्या, आणि सरवरी मॅडमचा चेहरा खडूसारखा झाला होता.

मॅडमनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. दार लोटून घेतलं. पाण्याचा ग्लास पुढे केला.

"घाबरू नकोस. तारीख ठरलीय का?"

"नाही मॅडम. पप्पा म्हणतात, वेळ आली की बघू. रॉकेल तेवढं तयार आहे."

"आणि मुलगा?"

"तो काय, मिळेल की."

ज्ञानेश्वरीला वाटलं, मॅडम गंमत करताहेत. म्हणून तिनेही गमतीने सांगितलं. मॅडमनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे टिपले आणि ती बाहेर पडताच फोन उचलला. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाची असते, आणि वाडीचे ग्रामसेवक भागवत भाऊसाहेब सरवरी मॅडमच्या ओळखीचे होते.

ज्ञानेश्वरीचे वडील गहिनीनाथ वाडीवर दूध संकलन केंद्र चालवत. गावात त्याला सगळे डेअरी म्हणायचे. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये वजनकाटा, फॅट मोजायचं मशीन आणि दूध थंड ठेवायची मोठी स्टीलची टाकी. सकाळ-संध्याकाळ सगळी वाडी किटल्या घेऊन दारात यायची. गहिनीनाथाच्या काट्यात खोट नाही, असं लोक म्हणायचे आणि ते ऐकून तो मान खाली घालून फॅट मोजत राहायचा. एवढंच त्याचं ऐश्वर्य होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऐन गर्दीत भागवत भाऊसाहेबांची मोटारसायकल शेडपुढे थांबली. मागे सरवरी मॅडम. त्यांच्या मागून स्कूटीवर अंगणवाडीच्या ताई.

"या या, भाऊसाहेब," गहिनीनाथ काट्यावरून उठला. "ज्ञाना, च्या ठेव गं."

"चहा राहू द्या. पोरीचं लग्न काढलंय म्हणे तुम्ही."

रांगेतल्या बायका किटल्या खाली ठेवून पुढे सरकल्या. दूध जरा नंतर घातलं तरी चालणार होतं.

"कुनाच्या पोरीचं?"

"तुमच्या."

"भाऊसाहेब, लेकरू दहावीला हाय. मी कशाला लग्न काढू?"

"मग घरात रॉकेल कशाचं आहे?"

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस अशा वेळी फारच अडचणीत येतो. "ते… लग्नाचंच हाय," तो म्हणाला.

ज्ञानेश्वरी चहाचं पातेलं हातात धरून दारात उभी होती. आपला कालचा प्रश्न मोटारसायकलवर बसून आपल्याच दारात आला आहे, हे तिच्या हळूहळू ध्यानात येत होतं. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पातेल्यापेक्षा जास्त.

सगळे मागच्या खोलीत गेले. पेंडीची पोती बाजूला झाली. हळदकुंकवाच्या बोटांनी नटलेला ड्रम बघून अंगणवाडीच्या ताईंनी तोंडाला पदर लावला. "इथपर्यंत आलंय बघा," त्या म्हणाल्या.

"ते खंडेनवमीचं हाय ताई," आई कळवळून म्हणाली. "काट्याला लावतो, कडबाकुट्टीला लावतो, तसं त्याला बी लावतो. दरसालचंच."

मग गहिनीनाथाला सगळं सांगावं लागलं. बहिणीच्या लग्नात वऱ्हाड पंगतीला बसलं, पत्रावळ्या मांडल्या, आणि भाजी अर्धी शिजली असताना स्टोव्हातलं रॉकेल संपलं. वऱ्हाड उपाशी बसून राहिलं. वरबापाने भर मांडवात नको ते ऐकवलं. त्या दिवशी त्याने ठरवलं, माझ्या पोरीच्या लग्नात असं होऊ द्यायचं नाही. ज्ञानेश्वरी जन्मली त्या महिन्यापासून रेशनच्या रॉकेलातलं थोडं थोडं तो बाजूला काढत गेला. मग घरोघरी गॅस आला, रेशनचं रॉकेल बंद झालं, आचारी आपापली टाकी घेऊन यायला लागले. ड्रम मात्र राहिला. तो काढून टाकायचा म्हणजे पोरीच्या लग्नातलं काहीतरी काढून टाकल्यासारखं वाटायचं.

हे सांगताना तो कुणाकडेच बघत नव्हता. ज्ञानेश्वरीला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं, पण खाली रॉकेल झिरपेल.

भागवत भाऊसाहेबांचा विश्वास बसला. पण आलोच आहोत तर कागद करून टाकू, म्हणून त्यांनी हमीपत्र काढलंच. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न लावणार नाही, असं लिहून गहिनीनाथाने वजनकाट्यावर कागद टेकवून सही केली. अख्खी रांग बघत होती. ज्याने लग्न काढलंच नव्हतं त्या माणसाने लग्न रद्द केल्याची सही केली आणि परत फॅट मोजायला बसला.

रांगेत उभी असलेली आक्काबाई, वाडीतली सगळ्यात जुनी दूध घालणारी, तेवढी म्हणाली, "असू दे रे लेका. पोरीचा बाप हायेस." बाकीच्यांनी किटल्या उचलून पुन्हा रांग धरली. ते जास्त लागलं.

दुसऱ्या सकाळी दोन-तीन घरच्या किटल्या आल्याच नाहीत. त्या पलीकडच्या वस्तीवरच्या डेअरीला गेल्या, असं कळलं. "दहावीतल्या पोरीचं लगीन लावत हुता म्हने, भाऊसाहेबानं धरला," अशी बातमी दुधापेक्षा आधी तिकडे पोचली होती.

"ह्यो ड्रमच नको," आई म्हणाली. "रातच्याला वढ्यात वतून द्या."

"आई, ओढ्यात नाही ओतायचं. साहेबांनी सांगितलंय."

"मंग वाळवीला वता. बांधाला लई वाळवी हाय."

"मातीत पण नाही."

"मंग काय पिऊ का मी?"

ज्ञानेश्वरीने हातावरून वहीत उतरवलेला नंबर लावला. आपण बिघडवलंय तर आपणच निस्तरायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. साहेब चांगले होते. नगरच्या एमआयडीसीत जुनं ऑइल आणि असलं इंधन नेऊन नीट विल्हेवाट लावणारे लोक त्यांच्या माहितीचे होते. "पण एका ड्रमासाठी गाडी नाही येणार," ते म्हणाले. "गावात अजून कुणाकडे असेल तर जमवा. रविवारी सकाळी पाठवतो, मी स्वतः येतो."

गावात अजून कुणाकडे असणार, असं गहिनीनाथाला वाटलं. पण भागवत भाऊसाहेबांनी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, की ज्यांच्या घरी जुनं रॉकेल पडून आहे त्यांनी रविवारी सकाळी डेअरीवर आणून द्यावं, नाव विचारलं जाणार नाही. ग्रुपवर एकानेही उत्तर दिलं नाही. नुसते अंगठे पडले.

रविवारी झुंजूमुंजू व्हायच्या आत गहिनीनाथाने दार उघडलं तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कॅन, डबे, तेलाचे पिंप, फवारणीच्या पंपाची टाकी, एक तांब्याची घागर. सगळ्यात रॉकेल. वाडीतल्या प्रत्येक घरात कुणाचं ना कुणाचं लग्न साठवलेलं होतं. आणून ठेवणारा एकही माणूस मात्र दिसत नव्हता.

"आपला एक ड्रम काढायचा हुता," गहिनीनाथ म्हणाला. "आता गावाचं भांडार झालं इथं."

"पप्पा, हे तर छान झालं की," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिची मान पुन्हा ताठ झाली होती. आपल्यासारखे सगळेच, हे कळण्यासारखं दुसरं औषध नाही. आता गावाला कळेल की तिचे पप्पा गुन्हेगार नाहीत, पुढारी आहेत. तिने खडूने शेडमध्ये रेघ मारली. रेघेच्या अलीकडे दूध, पलीकडे रॉकेल. विडीवाल्यांना वेशीजवळच थांबवलं. निकिता आणि फलक हे बघायला तिसगावहून मुद्दाम आल्या होत्या, त्यांना तिने दहा पावलं लांब उभं करून व्हिडिओ काढायला सांगितलं.

गहिनीनाथ रॉकेलच्या बाजूला गळके डबे सावरण्यात गुंतला. एक सरळ केला की दुसरा गळायचा. त्यामुळे दुधाच्या काट्यावर ज्ञानेश्वरी बसली. हे तिला नवीन नव्हतं. नमुना घ्यायचा, फॅट लावायचं, वजन करायचं, टाकीत ओतायचं. फक्त आज समोर कॅमेरा होता.

"नमस्कार," ती एका हाताने किटली ओतत कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "आज आमच्या वाडीने एक आगळंवेगळं पाऊल उचललं आहे."

"वास लई येतोय गं," रांगेतली एक म्हणाली.

"येणारच की मावशी, रॉकेल आहे ना सगळीकडे." खरंच होतं. साऱ्या शेडला, पत्र्याला, म्हशीच्या शेपटीलासुद्धा रॉकेलचा वास येत होता.

मग आक्काबाईची पाळी आली. आक्काबाईच्या मागे, दोन माणसं सोडून, तिची सून घरची दुसरी किटली घेऊन उभी होती. आक्काबाईने किटली रेघेच्या अलीकडे ठेवली आणि ज्ञानेश्वरीकडे बघून डोळे मोठे केले. मग बारीक केले. मग भुवया उडवून रेघेच्या पलीकडे नेल्या.

आता यातलं आक्काबाईचं दुःख असं, की थोरल्या नातीच्या लग्नात स्टोव्हाला रॉकेल कमी पडलं तेव्हा "घरात थेंब नाही" असं तिने सुनेला तोंडावर सांगितलं होतं, आणि धाकट्या नातीसाठी ठेवलेलं किटलीभर रॉकेल तेव्हाही माळ्यावर होतं. रॉकेलाची तीच किटली सुनेच्या डोळ्यांदेखत रेघेच्या पलीकडे कशी ठेवणार? गहिनीनाथ काट्यावर असता तर किटली उघडून बघताच समजून गेला असता.

काट्यावर ज्ञानेश्वरी होती. तिला वाटलं, आजी कॅमेऱ्यासाठी हावभाव करतीय. तिने छान हसून आक्काबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "या आमच्या आक्काबाई. यांच्या दुधाचं फॅट कधी बदलत नाही, त्यामुळे यांचा नमुनासुद्धा घ्यावा लागत नाही." आणि कॅमेऱ्याकडे बघतच तिने किटली टाकीत पालथी केली. रांगही कॅमेऱ्याकडेच बघत होती.

आक्काबाईने डोळे घट्ट मिटून घेतले.

"ज्ञाने," फलक मोबाईल खाली घेत म्हणाली, "दूध निळं होतं का गं?"

टाकीतलं दूध पांढरंच होतं. त्याच्यावर निळसर, गुळगुळीत काहीतरी पसरत चाललं होतं आणि त्यात पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन इंद्रधनुष्यासारखं चमकत होतं. दिसायला फार सुंदर होतं. सगळ्या वाडीचं सकाळचं दूध त्याच्या खाली होतं.

गहिनीनाथ धावत आला. त्याने टाकीत बघितलं. वास घेतला. मग त्याने ज्ञानेश्वरीच्या हातातली रिकामी किटली बघितली, आणि किटली त्याने ओळखली. ज्याच्या दारात रोज त्याच किटल्या येतात त्याला पोचे पाठ असतात. त्याने आक्काबाईकडे बघितलं. आक्काबाई जमिनीकडे बघत होती. आक्काबाईची सून पायाच्या बोटांवर उभी राहून टाकीत डोकवायला बघत होती.

"टाकी बिघडली," गहिनीनाथ मोठ्याने म्हणाला. "मशीनचं तेल गळलंय दुधात. आजचं दूध न्हाई जायचं. ज्याचं त्याचं मी भरून देईन."

आयुष्यातलं पहिलं खोटं असल्यामुळे ते त्याला नीट जमलं नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. "मशीनचं तेल न्हवं ते," कुणीतरी म्हणालं. "ह्याचा सोताचा ड्रम गळला असंल. लग्नाचा." "रोजच जात असंल का रं दुधात?" हा शेवटचा आवाज मागून आला, हळू आला, आणि सगळ्यांना ऐकू गेला.

तेवढ्यात गाडी आली. साहेब उतरले, डबे बघून खूश झाले, माणसांकरवी एकेक नीट झाकणं लावून गाडीत चढवायला लागले. मग ते टाकीपाशी आले.

"यात काय आहे?"

"दूध हाय साहेब," गहिनीनाथ म्हणाला. "वाईच रॉकेल पडलंय."

साहेबांनी टाकीत वाकून बघितलं. शाळेतल्या कार्यक्रमात याचं उत्तर नव्हतं. "हे पण गटारीत नाही ओतायचं," एवढंच त्यांना सुचलं. मग त्यांनी कुणालातरी फोन लावला, दोनदा "दूध, दूध, हो, म्हशीचं" असं सांगितलं, आणि म्हणाले, "पिंपात भरून ठेवा. उद्या दुसरी गाडी पाठवतो."

गाडी गेली. अंगणातले सगळ्यांचे डबे गेले, लग्नाचा ड्रम गेला. त्यांच्या जागी आता ड्रमच्या कितीतरी पट दूध पिंपांमध्ये उभं राहिलं. निकिता आणि फलकने व्हिडिओ पुसून टाकला आणि पिंपांची झाकणं लावू लागल्या. जाताना निकिता म्हणाली, "आम्ही तुला डिवचायलाच नको होतं." ज्ञानेश्वरी शेडमधली खडूची रेघ पायाने पुसत होती.

संध्याकाळी किटल्या मोजक्याच आल्या. आक्काबाईची आली, पण सुनेच्या हातून. सून किटली ठेवता ठेवता म्हणाली, "आत्याबाई सकाळधरनं जेवल्या न्हाईत. काय झालंय काय म्हाईत." गहिनीनाथाने नमुना घेतला, फॅट लावलं, वजन केलं.

रात्रीचं जेवण झाल्यावर तो भिंतीला टेकून बसला. आई ताटं उचलत होती. ज्ञानेश्वरी भाकरीचा तुकडा तसाच धरून बसली होती.

"उद्या इचारलं तर मशीनचंच सांगायचं," गहिनीनाथ म्हणाला. "मिस्त्री आणून टाकी उघडून दाखवू. आठवडाभरात इसरतील."

"आन न्हाई इसरले तर?" आई म्हणाली.

"तर न्हाई. पर तुमी दोघींनी गप ऱ्हायचं. आक्काबाईचं नाव काढायचं न्हाई, आन हिचंबी न्हाई. तिला शाळंत जायाचंय."

ज्ञानेश्वरीने बापाकडे बघितलं. हा माणूस पोरीच्या प्रश्नापायी हमीपत्रावर सही करून बसला, आणि आता तिच्या एका किटलीपायी खोटं बोलायला शिकत होता. तेही किती वाईट बोलत होता. तिला शेवगावचं बक्षीससुद्धा आठवून लाज वाटली.

तिने तुकडा ताटात ठेवला आणि उठून उभी राहिली.

"आता भाषान करू नगंस बाय," आई म्हणाली.

"नाही करत. मी ठरवलंय. उद्या सकाळी काट्यापाशी मी उभी राहणार. प्रत्येक किटलीवाल्याला सांगणार, की नमुना न घेता दूध मी ओतलं, मोबाईलकडे बघत ओतलं, पप्पांची काही चूक नाही. किटली कुणाची होती ते विचारलं तर म्हणेन, ओतताना मी किटलीकडे बघितलंच नाही. ते तर खरंच आहे. आणि जे आले नाहीत, त्यांच्या दारात जाऊन सांगणार. पलीकडच्या वस्तीवरसुद्धा."

"समदी हसतील गं तुला," गहिनीनाथ म्हणाला.

"हसू देत. शाळेत उशीर झाला तर मॅडमना चिठ्ठी द्या. मला पाचला उठवा."